ढगांवर चिडणारे सर

पावसाळ्यात आभाळ भरून आलं की अख्खा मराठवाडा वर बघून हात जोडतो. आमचे सर मात्र दात-ओठ खायचे. खिडकीचा पडदा खसकन ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "आले बघा!" नव्या माणसाला वाटायचं, तपासणीला कुणी मोठे साहेब आले. आलेले असायचे ढग. उपग्रह ठरलेल्या दिवशी आमच्या जिल्ह्यावरून जाणार, चित्र घेणार, आणि नेमके त्याच दिवशी हे पांढरे बोळे मध्ये येऊन बसणार. मग खालचं काही दिसायचं नाही आणि सर दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. बाहेर लोक दुबार पेरणीच्या काळजीत आहेत, त्यांना हाच ढग हवाय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. एकदा मी भीत भीत म्हणाले, "सर, पडू द्या की थोडा." तर म्हणाले, "पडू द्या ना. माझी कुठं ना आहे? पण भर साडेदहाला माझ्या वाटेत येऊन का उभं राहावं?"

सर आता रिटायर झालेत. ऑफिसात अजून त्यांचं नाव निघालं की लोक खुर्चीत जरा सरळ होतात. चारचौघांत मीही आदरानेच बोलते. पण इथे मला खरं लिहायचं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे कडू आहे, ते इतक्या वर्षांत कमी झालेलं नाही.

आमचं ऑफिस छत्रपती संभाजीनगरला, गारखेड्यात. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. काम थोडक्यात असं, की आकाशातून घेतलेल्या चित्रांवरून पीक जोमात आहे की वाळतंय, कालव्याचं पाणी कुठपर्यंत पोचलं, ऊस कुठे उभा आहे, हे बघायचं आणि प्रत्येक महसूल मंडळाचा आकडा काढून वर पाठवायचा. मंडळ म्हणजे दहा-पंधरा गावांचा एक गठ्ठा. दुष्काळ जाहीर होतो तो या गठ्ठ्यांनुसार. चित्रात मंडळ कोरडं दिसलं तर पुढे माणसं शेतात पाहणीला जातात. चित्रातच ते हिरवं निघालं, तर पाहणी नाही, यादीत नाव नाही, काही नाही.

सर बुटके, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, चष्म्याला दोरी. बोलताना सगळ्यांना अहो-जाहो. शिपायालाही अहो, आणि जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यालाही "जरा बाजूला व्हा." आम्ही तोंड लपवून हसायचो. पण शिपाई हसायचा नाही. त्याला आधीच्या साहेबांनी काय काय नावांनी हाका मारल्या होत्या, ते त्याला माहीत होतं.

त्यांचा एक आवडता शब्द होता, 'तोंडी'. कुणी काहीही सांगितलं, की सर मान हलवायचे आणि म्हणायचे, "ही तोंडी माहिती झाली." शिपायाने साखर संपली म्हटलं, तर उठून डबा उघडून बघायचे. बायकोने फोनवर सांगितलं, की घरी पाहुणे आलेत, तर विचारायचे, "चपला किती जोड दिसतात बाहेर?" मला एकदा ताप आला होता. रजा मागायला गेले तर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "डोळे लाल आहेत. जा." थर्मामीटर त्यांना चाललं असतं, माझा शब्द चालला नाही.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, रानं राहायची. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला सर आले होते, गंगापूरला. नवऱ्या मुलाच्या वडलांशी ओळख करून दिली, तर नाव न विचारता गाव विचारलं, गट नंबर विचारला आणि डोळे मिटून म्हणाले, "तुमच्या विहिरीच्या उगवतीला एक पट्टा आहे. आजूबाजूला सगळी कपाशी, आणि तो दरवर्षी पडीक. का बरं?" त्या पट्ट्यावरून नवऱ्या मुलाचे वडील आणि त्यांचा थोरला भाऊ यांचं भांडण होतं. थोरला भाऊ लग्नापुरता समजूत काढून आणलेला, आणि तो तिथेच हातात हार घेऊन उभा. त्याने हार खुर्चीवर ठेवला आणि तो मांडवाबाहेर गेला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सर तोवर जिलबीच्या ताटाकडे गेले होते. आपण काय केलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नवऱ्या मुलाच्या त्या गावात त्यांनी जन्मात पाय ठेवला नव्हता.

पाय ते कुठल्याच गावात ठेवत नव्हते. पाहणीला जीप निघाली की आम्ही विचारायचो, "सर, येता का?" ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "मी रोज जातो."

यामागे एक गोष्ट होती आणि ती ऑफिसात नव्या आलेल्या प्रत्येकाला ऐकावी लागायची. मीही ऐकली. सर एरवी पुस्तकी बोलायचे, पण ही गोष्ट सांगताना भाषा आपोआप गावाकडची व्हायची.

"दुष्काळ पडला की पाहणीला तलाठी यायचा," ते सांगायचे. "पारावर बसायचा. चहा यायचा, पान यायचं. मग तिथंच बसून लिहायचा, कुणाचं किती गेलं. आमची रानं गावाच्या पार टोकाला. तिकडं यायचं म्हणजे आमच्या वस्तीतून यावं लागायचं. तो कधी आला नाय. माझा बाप धुतलेला सदरा घालून दिवसभर बांधावर उभा राह्यचा, साहेब येतील म्हणून. आमचं पीक कागदावर कधी वाळलंच नाय बघा." मग बोट वर करून म्हणायचे, "हा वरून जातो ना, हा कुणाच्या वस्तीतून जायचं ते बघत नाय. जात विचारत नाय. चहा पीत नाय."

हे ऐकल्यावर त्यांच्यावर चिडणं मला बरेच दिवस अवघड गेलं. पुढे जमलं.

चहावरून आठवलं. बाहेरच्या माणसाचं सर काही घ्यायचे नाहीत. कुणी शेतकरी हरभऱ्याची जुडी घेऊन आला, तरी शिपाई ती परत त्याच्या गाडीला अडकवून यायचा. एकदा आबा, म्हणजे माझे वडील, मला भेटायला आले. येताना किटलीभर दूध घेऊन आले, खास सरांसाठी. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, "आबा, हे घरी न्या." आबांचा चेहरा पडला. जिन्यात मला म्हणाले, "माज्या हातचं चालत नाय का गं त्येला?"

मी ते तसंच्या तसं सरांना जाऊन सांगितलं. सर खुर्चीतून उठले ते धावतच जिन्यात गेले. आबांच्या हातातून किटली घेतली, झाकणात दूध ओतलं आणि उभ्या उभ्या प्यायले. त्यांना दूध सोसत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पोट धरून बसले होते, पण कुणाला काही बोलले नाहीत. आबा खूश होऊन गेले. बसमध्ये शेजारच्याला म्हणे सांगत होते, की आपल्या पोरीचा साहेब देवमाणूस आहे.

आता एका थराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

आकाशातून दिसणाऱ्या चित्राला शेत कोणतं आणि जंगल कोणतं ते कळत नाही. त्याला फक्त पाला कळतो. मग आपण त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, इथे शेत आहे, एवढ्याच भागातलं मोज. हे सांगणारा नकाशाचा एक थर असतो. आमच्या जिल्ह्याचा तो थर सरांनी स्वतः काढला होता, माउसने, बांध न् बांध. त्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पैठणकडचे बांध राहिले म्हणून ते मुलीच्या बारशाला उशिरा गेले होते. बदल करण्यासाठी हा थर फक्त त्यांच्याच मशीनवर उघडायचा. आम्ही तो वापरायचो, पण त्यातली एक रेघ हलवायची कुणाची टाप नव्हती. शहराचं नाव बदललं, तेव्हा सगळ्या नकाशांवरचं औरंगाबाद काढून छत्रपती संभाजीनगर करायचं काम आम्ही एका दुपारात उरकलं. थराला मात्र हात नाही.

आणि त्या हट्टाचा आम्हाला अभिमान होता, हेही लिहायला हवं. एका बैठकीत एक पुढारी उठले आणि म्हणाले, की आमच्या मंडळात माणसं पाण्यावाचून तडफडताहेत आणि तुमचा आकडा सगळं ठीक सांगतो, तो बदला. सरांनी काही न बोलता भिंतीवर चित्र लावलं. आमच्या चित्रात जिवंत पाला लाल दिसतो. धरणाच्या पाण्याला लागून लालभडक उसाचे मोठे मोठे चौकोन होते.

"हा ऊस कुणाचा, ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "तो पाणी पितोय एवढं माहीत आहे."

 पुढारी म्हणाले, "तुमची बदली करायला मला एक फोन पुरतो."

"करा ना," सर म्हणाले. "आधी उपग्रहाची होते का बघा."

त्या दिवशी मी घरी फोन करून आबांना हे सगळं रंगवून सांगितलं. आबांनी ते गावभर केलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे तो उपग्रह मीच चालवत होते. पारावर बसून म्हणायचे, "आता आपल्याला कसली काळजी? माजी पोरगी वरून बघती सगळं."

मग ते वर्ष आलं. जून बरा गेला, जुलैत चार सरी आल्या आणि त्यानंतर आभाळ जे मोकळं झालं ते झालंच. सर खूश. रोज स्वच्छ चित्र. त्यांनी स्वतःहून सगळ्या ऑफिसला भजी मागवली. मला तो घास गिळवला नाही, कारण सकाळीच घरून फोन आला होता, की कपाशी गुडघ्याएवढी होऊन थांबलीय आणि मका उभ्या उभ्या वाळलाय.

आमचं घर मूळचं मेंढरांमागचं. गाव बिडकीनच्या अलीकडे. तिकडची माळरानं औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात गेली तशी चराई संपली. आबांनी मेंढरं काढून टाकली आणि गाई घेतल्या, चार. मेंढपाळाला गाय बांधून ठेवायची सवय नसते. आबा त्यांच्याशी दिवसभर बोलत बसायचे. त्यातली बांडी नावाची गाय त्यांच्या मागे मागे थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि आई लाटणं घेऊन तिला हाकलायची. दूध विकून घर चालायचं, हे खरंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. मेंढरं गेल्यावर आबा वर्षभर कोपऱ्यात बसून होते, ते या गाईंनी उठवले.

"अगं, वैरण संपली," आबा फोनवर म्हणाले. "छावणी लागायची म्हनत्यात. आपलं मंडळ यादीत हाय का नाय ते बघ की जरा. छावणी लागली तर गाई वाचत्याल. नाय तर इकाव्या लागत्याल बघ."

छावणी म्हणजे जनावरांना चारा-पाणी देणारा तात्पुरता तळ. ती जाहीर झालेल्या मंडळातच उघडते. मी त्याच दिवशी आकडा बघितला. आमच्या मंडळापुढे 'सामान्य' असं आलं होतं.

मला वाटलं, माझीच काही चूक झाली. परत काढला, तेच आलं. मग चित्र उघडून बसले. मंडळाचा वरचा भाग फिका, वाळलेला, जसा असायला हवा तसा. पण खालच्या अंगाला, कुंपणाच्या आत, मैलभर लालभडक. ती जागा मला पाठ होती. लहानपणी मी तिथे मेंढरं वळली होती. वसाहतीसाठी भूसंपादन होऊन वर्षं झाली, रुंद रस्ते झाले, दिव्यांचे खांब झाले, कारखाने काही सगळे आले नाहीत. मोकळ्या राहिलेल्या रानात वेडी बाभूळ माजली. तिला पाऊस लागत नाही. पडो न पडो, ती हिरवीगार. तिच्या पाल्याला गाय तोंड लावत नाही. आणि सरांच्या थरात ते सगळं रान अजून शेत म्हणून होतं. म्हणजे मंडळातलं पीक मेलं होतं आणि बाभळीच्या जोरावर मंडळ पास झालं होतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं. सर पडद्यावरची नजर न काढता ऐकत होते.

"तुमचं गाव त्याच मंडळात आहे," ते म्हणाले.

"हो सर. घरी चार गाई आहेत. छावणी लागली नाही तर आबांना त्या विकाव्या लागतील."

"त्या दिवशी तो पुढारी काय मागत होता? त्यानंही गावाचंच नाव घेतलं होतं. तुमच्यासाठी थर उघडला तर त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"सर, त्यांना नसलेला दुष्काळ दाखवायचा होता. मी नसलेलं शेत काढून टाका म्हणतेय. थर जुना झालाय, एवढंच आहे. संपादित जमीन काढणं नियमात बसतं."

सर पडद्याजवळ सरकले. मग त्यांनी चित्र मोठं केलं. त्या लाल पसाऱ्याच्या एका कडेला, थराच्या रेघांमध्ये, एक लांबट तुकडा होता. त्यावर क्रमांक होता एक.

"हे आमचं," सर म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"आमचं रान. गायरान होतं. बापानं दगडं वेचून काढली. नाव लागायला त्याचा जन्म गेला. सातबारा हातात आला तवा त्याला वाचता येत नव्हतं. येईल त्याच्याकडून वाचून घ्यायचा, रोज." सर बोलता बोलता गावाकडच्या भाषेत गेले होते. "मग वसाहत आली. बाप त्याच्या आधी गेला ते बरं झालं. आता ते कुंपणाच्या आत हाय, मला आत सोडत नायत. मी थर काढायला बसलो तवा पयलं हे काढलं. आता जगात एवढ्या एकाच जागी ते शेत हाय. ते मी माझ्या हातानं पुसू?"

मला त्यांची दया आली, आणि दया आली याचाच राग आला. त्यांच्या वडलांचं शेत गेलं ते गेलं. माझ्या वडलांच्या गाई अजून दावणीला होत्या.

मी म्हणाले, "सर, ते एक राहू द्या. एका तुकड्याने आकड्यात काही फरक पडत नाही. बाकीची बाभूळ तेवढी काढू या."

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हणजे माझ्या बापाचं ठेवायचं आणि शेजाऱ्याचं पुसायचं? मग मी तो तलाठीच झालो की."

 याचं उत्तर मला आजही नीटसं सापडत नाही, आणि म्हणूनच जास्त जळतं. माणूस लबाड असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. हा माणूस सरळ होता, आणि त्याच्या सरळपणाने आमचं घर बुडवलं. आपल्या बापावर झालेला अन्याय त्याने इतका घट्ट धरून ठेवला, की दुसऱ्याच्या बापावर होणारा त्याला दिसेना.  सर परत चित्राकडे वळले होते. शेवटी शिपाई चहा घेऊन आत आला, तेव्हा मी बाहेर पडले.

यादी लागली. शेजारची मंडळं होती, आमचं नव्हतं. गावात कुणीतरी आबांना भर पारावर विचारलं, "काय आबा, पोरीनं बरं हिरवं दावलं गाव?" दुसरा म्हणाला, "तिला तिकडं पगार चालू हाय, तिला काय." आबांनी पारावर जाणं सोडलं. मला फोन करून एवढंच म्हणाले, "तुज्या त्या साह्यबाला एकदा इकडं आन की. मी हाताला धरून दाखवतो. ती बाभळ हाय म्हनावं, येडी बाभळ. गाय खाती का तिला?"

मी काय सांगणार होते? की साहेबांना माहीत आहे, आबा. साहेबांना सगळं माहीत आहे.

व्यापारी टेम्पो घेऊन दारातच आला. आई आत जाऊन बसली. तीन गाई मुकाट चढल्या. बांडी चढेना. मग आबा स्वतः टेम्पोत चढले, तशी ती त्यांच्या मागे चढली. आबा दुसऱ्या बाजूने खाली उतरले आणि व्यापाऱ्याने फळी लावली. हे मला आईने सांगितलं. आबांनी त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही.

सोमवारी ऑफिसला गेले ती सरळ सरांच्या केबिनमध्ये. म्हणाले, "सर, गाई विकल्या."

सर म्हणाले, "हं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "गंगापूरचं चित्र आलं का?"

पुढे सर रिटायर झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं. एक मोठे अधिकारी म्हणाले, की या माणसाने आयुष्यभर आकड्याला कुणाचं बोट लागू दिलं नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवतात म्हणून. सरांनी उत्तरादाखल फार लांबण लावली नाही. जाताना शिपायाला मिठी मारली आणि रडले.

त्यांची खुर्ची माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर थरही. मी आधी रीतसर अर्धं पान लिहून वर पाठवलं, की संपादित जमीन शेतातून वगळावी. वरच्या साहेबांनी न वाचता सही केली. एवढं सोपं होतं ते. बाभळीचं रान काढायला मला अर्धी दुपार लागली. एक नंबरचं शेत मी सगळ्यात शेवटी काढलं. माउसवर बोट थांबलं होतं, नाही असं नाही. वाटलं, ठेवावं हे एक. पण मग शेजाऱ्यांचं काय, हे त्यांनीच विचारून ठेवलं होतं. मी ते काढलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

परत एक कोरडं वर्ष यायला फार थांबावं लागलं नाही. या वेळी आकडा बरोबर आला, पाहणी झाली, मंडळ यादीत लागलं. छावणी उघडली ती थेट आमच्या गावाच्या वेशीवर. पत्र्याचा मांडव, पाण्याच्या टाक्या, उसाच्या वाढ्यांचे ढीग. पंचक्रोशीतली गुरं तिथे आली. आबा रोज सकाळी उठून तिकडे जातात. दुसऱ्यांच्या गाईंपुढे वैरण टाकतात, कुणाचं दावं गुंतलं असेल तर सोडवतात. आई म्हणते, "घरी काय हाय त्यांला करायला? जाऊ दे." गावातली माणसं आता माझं नाव आदराने घेतात म्हणे. ज्याने टोमणा मारला होता, त्याच्याही दोन म्हशी छावणीत आहेत.

त्या आठवड्यात सरांचा फोन आला. रिटायर झाल्यापासूनचा पहिला. वर्तमानपत्रात यादी वाचली होती त्यांनी.

"तुमचं मंडळ लागलं," ते म्हणाले.

"हो सर."

"म्हणजे थर बदललात."

"बदलला."

 मग त्यांनी विचारलं, "पयलं पण?"

"ते पण, सर."

मला वाटलं, आता फोन ठेवतील. पण ते म्हणाले, "बरं केलंत. माझ्यानं झालं नसतं." आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटत होता. "जाऊ द्या. निदान तुमच्या आबांच्या गाई तरी वाचल्या. छावणीत बांधल्या ना?"

"सर, गाई नाहीत. मागच्या दुष्काळातच विकल्या."

 पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग अगदी हळू म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

मी सांगितलं होतं. त्यांच्या टेबलासमोर उभी राहून, दोनदा.